‘तर’, ‘तम’ आणि माझं मत



इंग्रजीचा विषय निघाला की आपल्याकडच्या पालकांच्या कपाळावर अजून आठी पडते. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीतच इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. त्या पहिल्या तुकड्यांमधली मुलं आता स्वतः आईबाप झाली आहेत. पण दहावी झालेल्या मुलाला आजही म्हणा, ‘तुझ्या मनातल्या दहा ओळी इंग्रजीत लिही.’ पुष्कळांचा पेन तिथंच थांबतो. व्याकरण येत नाही, असं आपण म्हणतो. मला वाटतं, खरी अडचण दुसरीकडे आहे.

इंग्रजीच्या पुस्तकात तीन धडे ठरलेले असतात. भूतकाळाचे प्रकार, विशेषणांची तुलना आणि मत मांडणारा निबंध. तिन्ही वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवले जातात, वेगवेगळ्या गुणांना विचारले जातात. माझं म्हणणं असं, की हे तीन धडे मिळून एकच धडा आहे.

आधी भूतकाळ घेऊ. ऑक्टोबर महिना आहे. सोयाबीनची सोंगणी झाली, शेतात सुडी लावली आणि आभाळ भरून आलं. आता तीन वाक्यं ऐका. पाऊस आला तेव्हा आम्ही सुडी झाकली होती. पाऊस आला तेव्हा आम्ही सुडी झाकत होतो. पाऊस आला तेव्हा आम्ही सुडी झाकली. पहिल्या वाक्यात माल वाचला. दुसऱ्यात अर्धा भिजला. तिसऱ्यात थेंब पडल्यावर ताडपत्रीकडे धाव घेतली. इंग्रजीत हेच ‘हॅड कव्हर्ड’, ‘वेअर कव्हरिंग’ आणि ‘कव्हर्ड’. वर्षाची कमाई एका क्रियापदावर ठरते, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मुलं अडखळतात ती दुसऱ्या जागी. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘काल मी बाजारात गेलो होतो.’ मुलगा ते जसंच्या तसं उचलतो आणि ‘हॅड गॉन’ लिहून मोकळा होतो. इंग्रजीला तिथं साधं ‘वेंट’ पुरतं. ‘हॅड’ कधी लागतं? भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची कोणती, हे दाखवायचं असेल तेव्हा. मी स्टँडवर पोचलो, तोवर एसटी निघून गेली होती. इथं ‘हॅड’ हवं. दुसरी गोष्ट ‘डिड’ची. ‘डिड’नं भूतकाळाचं ओझं एकदा खांद्यावर घेतलं, की पुढच्या क्रियापदाला ते वाहावं लागत नाही. म्हणून ‘डिड नॉट गो’. ‘डिड नॉट वेंट’ नाही. एका बैलगाडीला दोन धुरकरी कशाला?

एक सोयही आहे. मराठीत मी आंबा खाल्ला, भाकर खाल्ली, बोरं खाल्ली. वस्तू बदलली की क्रियापद बदललं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘एट’. म्हणजे अवघड काम आपली मुलं मराठीत रोज, न अडखळता करतात. हे त्यांना कोणी तरी सांगायला हवं.

दुसरा धडा तुलनेचा. मराठीत ‘पेक्षा’ लावलं की भागतं. ‘मोठा’ हा शब्द मोठाच राहतो. इंग्रजीत लहान शब्दाला ‘अर’ आणि ‘एस्ट’ जोडतात, लांब शब्दाआधी ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ येतात. दोन्ही एकदम नाही. ‘मोअर बेटर’ चालत नाही. पण ही रीत आपल्याला परकी आहे का? संस्कृतात ‘तर’ आणि ‘तम’ आहेत : उच्चतर, उच्चतम. आमच्या घरात उर्दू बोलली जाते, अंगणात वऱ्हाडी. उर्दूत फारसीतून आलेले शब्द आहेत : बदतर, बेहतर, बेहतरीन. हा फारसी ‘तर’ आणि संस्कृत ‘तर’ एकाच घराण्यातले. ज्येष्ठ, श्रेष्ठ, कनिष्ठ यांतला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ हेही एकमेकांचे दूरचे भाऊबंद. ‘बेहतर’ आणि ‘बेटर’ मात्र दिसायला सारखे असले, तरी ते साम्य योगायोगाचं आहे, असं भाषाशास्त्र सांगतं.

याच ‘तर’ आणि ‘तम’ यांच्यापासून मराठीला एक मोलाचा शब्द मिळाला : तारतम्य. तुलना करता येणं म्हणजे तारतम्य असणं. मुलगा लिहितो, ‘मोबाईलपेक्षा पुस्तक चांगलं.’ त्याला विचारावं, कशासाठी चांगलं? कोणासाठी? कोणत्या मापानं? माप ठरल्याशिवाय तुलना होत नाही. बाजारात आपण दोन पोत्यांसाठी दोन वेगळे काटे चालू देत नाही. बोलताना मात्र खुशाल वापरतो.

आता तिसरा धडा, मताचा निबंध. जे घडलं ते क्रमानं सांगता आलं आणि एकाच काट्यावर तोलता आलं, की मत तयार होतं. ते आधी सांगायचं. मग दोन कारणं, प्रत्येकाला एक उदाहरण. समोरच्याचं खरोखर वजनदार म्हणणं एक, त्याला उत्तर आणि शेवट. एवढीच त्याची चौकट.

हे साहेबाच्या देशातलं खूळ आहे, असं कोणी म्हणेल. म्हणून आपल्या शेजारच्या जिल्ह्यात चला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली निघालं. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजातले. त्यांनी मुलीला घरीच शिकवलं. सुरतेतल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर १८८१ मध्ये स्वतःचं मूल मारल्याचा खटला चालला. त्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीला दूषणं दिली जाऊ लागली. ताराबाईंनी काय केलं? बायकांना चिकटवलेला एकेक दुर्गुण घेतला आणि विचारलं, हा पुरुषात कमी आहे की जास्त? घडलेली गोष्ट, तुलना आणि मत, तिन्ही एका पुस्तकात. रोझलिंड ओहॅनलन यांनी १९९४ मध्ये ते इंग्रजीत नेलं आणि बुलढाण्याच्या बाईचं मत जगानं वाचलं.

त्याच्याही आधी, १८५५ साली, पुण्यातल्या फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. पेशवाईत काय सोसावं लागत होतं आणि पुढं काय बदललं, हे तिनं मांडलं. हे लिहायला तिला बाजारातलं गाईड मिळालं नव्हतं.

आपल्या मुलांना ते मिळतं. ‘मोबाईल : शाप की वरदान’ हा निबंध पाठ होतो, ‘नाण्याला दोन बाजू असतात’ म्हणून संपतो, गुणही पडतात. त्यात मुलाचं स्वतःचं काही नसतं. कारण घरी त्याला कोणी विचारलेलं नसतं. मुलीला तर त्याहून कमी. शाळा पुढं शिकायची का, लग्न कधी, कोणाशी, हे ठरताना ती त्याच घरात भाकरी थापत असते. जिला मराठीत ‘मला वाटतं’ म्हणायची मुभा नाही, तिच्या वहीत ‘आय थिंक’ कुठून उतरणार?

तेव्हा शिकवणी जरूर लावा. त्याबरोबर एक बिनपैशाचं कामही करा. रोज जेवताना मुलाला आणि मुलीला एक प्रश्न विचारा : तुला काय वाटतं, आणि का? उत्तर मराठीत येऊ द्या, उर्दूत येऊ द्या, वऱ्हाडीत येऊ द्या. मधे तोडू नका. आपल्याविरुद्ध असलं तरी पुरतं ऐका. बोलण्याची हिंमत घरात मिळाली, तर ‘हॅड’ कुठं आणि ‘मोअर’ कुठं, हे गुरुजी सांगतीलच.