संगणकाची रोजकीर्द

कोल्हापुरांत शाहूपुरीच्या जुन्या गुळाच्या अडतींवर दोन वह्या असत. आलें-गेलें तें प्रथम रोजकीर्दींत उतरावयाचें आणि मग तेथून प्रत्येकाच्या नांवें खतावणी करावयाची. खतावणी चालू असतां मध्येंच दिवा गेला तरी दिवाणजी गडबडत नसत. दिवा लागला कीं रोजकीर्द उघडून अर्धवट नोंदी ते पुऱ्या करीत.

लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीच्या डिस्कवर हीच व्यवस्था चालते. लायनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें ही प्रणाली १९९१ सालीं आरंभिली. तिची घडण कोणासहि पाहावयास व सुधारावयास मोकळी आहे. कोणती फाईल डिस्कच्या कोणत्या खणांत आहे हें सांगणारी फाईल-व्यवस्था ही तिची खतावणी. २००१ सालीं 'एक्स्ट-३' मध्यें तिला रोजकीर्दीची जोड मिळाली, आणि २००८ च्या 'एक्स्ट-४' नें ती पुढें चालविली. पावसाळ्यांत वीज गेली तर संगणक पुन्हां सुरू होतांच रोजकीर्द वाचून खतावणी जुळवून घेतो. मात्र नेहमींच्या पद्धतींत तेथें नोंद होते ती खतावणीची, पत्रांतील मजकुराची नव्हे. अर्धें लिहिलेलें पत्र अर्धेंच राहतें. हें ठाऊक नसणारांचा रोजकीर्दीवर भलताच विश्वास असतो.

कधीं कधीं खतावणीच खोटी निघते. फाईल उघडत नाहीं, किंवा डिस्क अकस्मात् केवळ वाचण्यापुरती उरते. अशा वेळीं घरोघरीं संगणक चारदां बंद-चालू करून पाहण्यांत येतो. हा निव्वळ अविचार होय. अधिक नाश टळावा म्हणूनच प्रणालीनें लिहिणें थांबविलेलें असतें. प्रथम काम थांबवावें, 'डीमेसेज' या आज्ञेनें प्रणालीचीं स्वतःचीं टिपणें वाचावीं आणि तीं दुसरीकडे उतरून ठेवावीं. डिस्कवरून वाचतांच येत नाहीं अशी तक्रार तेथें दिसली तर दोष बहुधा यंत्राचा किंवा तारेचा. मग शक्य तर सबंध डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. 'एफएससीके' हा कारागीर त्यानंतरचा. डिस्क वापरांतून सोडविल्यावांचून तिला त्याचा हात लागूं देऊं नये, आणि पहिल्या खेपेस 'एन' ही खूण देऊन नुसती तपासणीच करावी. तो खतावणी जुळवितो, गेलेला मजकूर परत आणीत नाहीं. ज्यांचीं नांवें हरपलीं ते कागद तो 'लॉस्ट अँड फाउंड' नांवाच्या कपाटांत नुसत्या आंकड्यांनीं ठेवतो. शिवाय घाईच्या दुरुस्तीनें पुरावाहि पुसला जातो.

पुराव्याचें मोल २०१८ सालीं दिसून आलें. त्या ऑक्टोबरांत लिनक्सच्या गाभ्याची ४.१९ ही आवृत्ति निघाली, आणि एक्स्ट-४ च्या डिस्का बिघडल्याच्या तक्रारी येऊं लागल्या. संशय अर्थातच एक्स्ट-४ वर गेला. तिची निगा राखणारे थिओडोर त्सो यांच्या यंत्रांवर मात्र बिघाड होईना. 'माझी डिस्क बिघडली' एवढीच तक्रार अशा ठिकाणीं निरुपयोगी. कोणती आवृत्ति, कोणती डिस्क, गाभा कसा घडविला, मागील आवृत्तींत बिघाड होता कीं नव्हता, हें सांगणारेच उपयोगीं पडले. दोन आवृत्तींमधील हजारों बदलांचे निमे-निमे भाग करीत, प्रत्येक वेळीं यंत्र चालवून, दोष कोणत्या निम्म्यांत आहे हें पाहत जाण्याची रीतहि तेथें कामीं आली.

अखेर एक्स्ट-४ निर्दोष ठरली. दोष तिच्याखालील थरांत, डिस्ककडे कामें पोंचविणाऱ्या रांगेंत होता. हमालाकडे पांच कागदांचें बिंडोळें यादीसह द्यावें; तो गुंतलेला म्हणून तें परत यावें; मग त्यांत आणखी तीन कागद भरावे, पण यादी जुनीच राहावी, तसें होत होतें. पांचच कागदांची ने-आण होई आणि आठांची झाली असें समजलें जाई. म्हणजे दिवाणजींवर आळ आला तो हमालीच्या चुकीचा. येन्स ॲक्सबो यांनीं डिसेंबर २०१८ मध्यें ती रांग सुधारली, आणि त्याच महिन्यांत सुधारलेला गाभा सर्वांस उपलब्ध झाला. तोंवर ज्यांच्या फाईली गेल्या होत्या, त्यांना मात्र आपली जुनी नक्कलच शोधावी लागली.