‘तारा’ आणि ‘स्टार’ : एका कुळातील दोन शब्द



सौंदडच्या अंगणात निजलेले मूल आकाशाकडे बोट दाखवून ‘तारा’ म्हणते आणि सकाळी शाळेत ‘स्टार’ घोकते. या दोन शब्दांचे नाते काय?

ऋग्वेदात ‘स्तृभिः’, म्हणजे ‘ताऱ्यांनी’, असे रूप आढळते. आरंभीचा ‘स्’ गळालेले रूप म्हणजे ‘तारा’. फारसीत ‘सितारा’, ग्रीकमध्ये ‘आस्तेर’, लॅटिनमध्ये ‘स्टेला’, तर जुन्या इंग्रजीत ‘स्टेओर्रा’. त्याचाच पुढे ‘स्टार’ झाला. ‘डिझास्टर’ या शब्दातही अशुभ तारा दडलेला आहे.

यावरून ‘स्टार’ संस्कृतातून निघाला, असे अभिमानाने सांगितले जाते. ते सत्य नव्हे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एकच असावा आणि ती मूळ भाषा बहुधा लुप्त झाली असावी, असे मत विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात मांडले. पुढील संशोधनाने एकाच उगमाचे हे मत दृढ झाले. ‘तारा’ ही ‘स्टार’ची जननी नव्हे, भगिनी होय.

यात संस्कृतचे थोरपण तसूभरही उणे होत नाही. धातू व प्रत्यय वेगळे करून शब्द पाहण्याची दृष्टी युरोपीय अभ्यासकांना लाभली, त्यात भारतीय व्याकरणपरंपरेचा मोठा वाटा आहे. खऱ्या अभिमानाला असत्याचा टेकू लागत नाही.

याच आकाशात गोंड बांधव सप्तर्षींच्या चार ताऱ्यांत खाट आणि मागील तिघांत ती पळविणारे चोर पाहतात. वडीलधाऱ्यांच्या मुखातील अशी नावे विझण्यापूर्वी लिहून ठेवणे, हे येथील तरुणांचे कर्तव्य आहे.