योगायोगाची कसोटी आणि मेंदूचीं चित्रें

२००८ सालीं पुण्यांत फलज्योतिषाची एक परीक्षा घेण्यांत आली. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे हे तिचे योजक. १०० बुद्धिमान व १०० मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका मिळवून त्यांतील ४०-४० पत्रिका ज्योतिषांकडे धाडल्या. कोणती पत्रिका कोणत्या वर्गांतील मुलाची, एवढेंच ओळखावयाचें होतें. २७ ज्योतिषांचीं उत्तरें आलीं, आणि त्यांतील शेंकडा ४६ बरोबर निघालीं. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं, तरी शेंकडा ५० च्या आसपास बरोबर आलीं असतीं!

निव्वळ योगायोगानें काय घडेल, हें तेथें आधींच ठाऊक होतें. मेंदूच्या चित्रांच्या बाबतींत तें ठाऊक नसतें. मोजमापांतूनच तें काढावें लागतें.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी, कीं दहा माणसांना एकेक करून एम. आर. आय. यंत्रांत निजविलें आहे. प्रत्येकाचीं चित्रें दोन: एक तो स्वस्थ पडला असतांना, दुसरें मनांतल्या मनांत पावकी-निमकी म्हणत असतांना. एकाच्या व दुसऱ्याच्या मेंदूंत मुळांतच एवढें अंतर असतें, कीं पाढ्यांनीं पडणारा फरक त्यापुढें क्षुल्लक. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याशींच करावयाची. एका चित्रांतून दुसरें वजा करावयाचें. आतां पाढ्यांचा कांहींच परिणाम होत नसेल, तर 'स्वस्थ' व 'पाढे' हीं नुसतीं नांवें उरतात. त्यांची अदलाबदल केली, तर वजाबाकीचें चिन्ह तेवढें पालटेल. दहा जोड्यांत असे पालट १०२४ प्रकारांनीं होतात. ते सर्व करावे, आणि प्रत्यक्षांत आलेली सरासरी त्या १०२४ सरासऱ्यांत कितवी लागते तें पाहावें. पहिल्या पांचदहांत लागली, तर तें श्रेय योगायोगाला देणें कठीण.

जोडी मात्र मोडतां कामा नये. वीसहि चित्रें पत्त्यांसारखीं पिसलीं, तर माणसामाणसांतील अंतर मापांत शिरतें आणि खरा परिणामहि त्यांत बुडून जातो. शिवाय माणसें पांचच असतील, तर प्रकार होतात अवघे ३२. मग निकाल कितीहि अनुकूल असो, ३२ त १ एवढा संशय उरतोच. थोड्या माणसांवर मोठे सिद्धांत उभारणाऱ्यांनीं हा हिशेब अवश्य करावा.

ही युक्ति रोनाल्ड फिशर यांनीं १९३५ सालीं डार्विनच्या मक्याच्या रोपांच्या १५ जोड्यांवर लढविली होती. तेथें प्रकार ३२,७६८. त्यांपैकीं ८६३ प्रकारांत प्रत्यक्षाइतका वा त्याहून मोठा फरक येतो.

मक्याला माप एकच, उंचीचें. मेंदूच्या चित्रांत लाखभर सूक्ष्म घन असतात, आणि प्रत्येकाचें माप निराळें. प्रत्येक घनास शेंकडा ५ चूक माफ केली, तर कांहींहि घडलें नसतां ५ हजार घन उजळलेले दिसतील! म्हणून चिन्ह पालटावयाचें तें एका माणसाच्या सबंध चित्राचें एकदम, आणि प्रत्येक पालटीला साऱ्या मेंदूंतील सर्वांत मोठा आंकडा टिपावयाचा. खऱ्या निकालाची तुलना या टिपलेल्या आंकड्यांशीं. थॉमस निकोल्स व अँड्र्यू होम्स यांनीं २००२ सालीं ही रीत सोपी करून मांडली.

तिची गरज किती होती, हें २०१६ सालीं दिसलें. अँडर्स एक्लुंड, निकोल्स व हान्स क्नुटसन यांनीं ४९९ निरोगी माणसांचीं स्वस्थ अवस्थेंतील चित्रें घेऊन प्रचलित रीती तपासल्या. उजळलेल्या घनांचे पुंजके मोजणाऱ्या कांहीं रीती शेंकडा ५ चुकांची हमी देत असत. त्या शेंकडा ७० पर्यंत चुकल्या. अशा चित्रांवर मनोविकारांविषयींचीं अनुमानें उभीं असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें गांभीर्य कळतें. अदलाबदलीची रीत बहुतेक खरी उतरली. पण नुसत्या चिन्हपालटीच्या कसोटींत तीहि कोठें कोठें घसरली, कारण चुकांची वांटणी शून्याच्या दोहों बाजूंस सारखी नव्हती. यावर एक उपाय चित्रण सुरू होण्यापूर्वींचा आहे. आधीं स्वस्थ पडावयाचें कीं आधीं पाढे म्हणावयाचे, हें प्रत्येक माणसापुरतें चिठ्ठी टाकून ठरवावें. मग पुढील अदलाबदलीला त्या चिठ्ठीचाच आधार मिळतो.