मंदी ओसरते, कारागीर परतत नाही



मंदी आली की कारखाने थंडावतात आणि ती सरली की पुन्हा धडधडू लागतात, असा एक समज रूढ आहे. अमेरिकेचा अनुभव निराळे सांगतो. २००० साली तेथील कारखानदारीत सुमारे १ कोटी ७३ लाख माणसे काम करीत होती. चीनच्या स्वस्त मालाने आणि काही अंशी यंत्रमानवांनी ही संख्या घटवीत आणली. त्यावर डिसेंबर २००७ ते जून २००९ च्या मंदीचा घाव बसला. २०१० च्या आरंभी ती सुमारे १ कोटी १५ लाखांवर आली. २०१३ साली शेअर बाजाराने जुने शिखर गाठले. रोजगार मात्र २०१९ पर्यंतही मंदीपूर्व पातळीला पोहोचले नाहीत.

असे का व्हावे? मोठा कारखाना बंद पडला की त्याला सुटे भाग पुरविणारी लहान वर्कशॉपे मोडतात. कसबी कामगार मिळेल ते काम पत्करतो, मुले त्या धंद्यात उतरत नाहीत. यंत्र पुन्हा विकत घेता येते. लेथवर वीस वर्षे घडलेला हात विकत मिळत नाही.

जर्मनीने वेगळा मार्ग धरला. २००९ मध्ये तिचे राष्ट्रीय उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घसरले. तरीही कामगारांना घरी न धाडता त्यांचे तास कमी करण्यात आले आणि बुडालेल्या वेतनाचा काही भाग रोजगार विम्याने सोसला. त्या वर्षीच्या मे महिन्यात चौदा लाखांहून अधिक कामगार या व्यवस्थेत होते. मागणी परतली तेव्हा कुशल माणूस जागेवरच होता.

मुक्त बाजाराचे धडे जगाला देणाऱ्या अमेरिकेनेही फेब्रुवारी २००९ च्या कायद्यात सार्वजनिक बांधकामांसाठी स्वदेशी लोखंड-पोलादाची अट घातली. स्वदेशी म्हणजे मागासलेपण, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

भारताला यातून काय घ्यावयाचे? त्याच मंदीत सुरतेच्या हिऱ्यांच्या कारखान्यांतील कारागीर सौराष्ट्रातील आपल्या गावी परतले. त्यांना धरून ठेवणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. २०१४ च्या ‘मेक इन इंडिया’ने उत्पादनक्षेत्राचा वाटा २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याचे ध्येय ठेवले, ते साधले नाही. केवळ गुंतवणुकीचे आकडे मोजून ते साधणारही नाही. उद्योगाला मिळणारी सरकारी सवलत कामगार टिकविण्याच्या अटीशी बांधली पाहिजे. लघुउद्योजकाचे पैसे ४५ दिवसांत चुकते करावेत, हा २००६ च्या कायद्याचा दंडक मंदीच्या काळात अधिक कसोशीने पाळला गेला पाहिजे.

राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण, अशी त्रिसूत्री भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांनी मांडली. पुढची मंदी येण्यापूर्वी तिच्यातील मधले सूत्र आचरणात यावे. कामगार हा उद्योगाचा खर्च नसून त्याचे भांडवल आहे, आणि संकटात भांडवल कोणी रस्त्यावर टाकीत नाही.