सोनोग्राफीच्या खोलीतील नोकरी : आधी नीट समजून घेऊ या

(भाईंदर पश्चिम येथे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या गुणगौरव कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आम्ही स्वतः मागून घेतला. त्याला कारण घडले. गेल्या वर्षी आमच्या परिचयातील एका मुलीने बारावीनंतर ‘सहा महिन्यांत सोनोग्राफी टेक्निशियन व्हा, नोकरीची हमी’ अशी जाहिरात वाचली. आईने भिशीचे पैसे उचलून फी भरली. कोर्स संपला, छापील प्रमाणपत्र मिळाले आणि मुलगी नोकरीसाठी हिंडू लागली. चौथ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी तिला बसवून सांगितले, “बाळ, या कागदावर तुला प्रोब हातात धरता येणार नाही.” ती घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. असा प्रसंग आपल्यापैकी दुसऱ्या कोणाच्या घरी येऊ नये, एवढ्याचसाठी आम्ही आज उभे आहोत.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. आपल्या उत्तनच्या कोळी बांधवांना हे समजावून सांगावे लागत नाही. खोल समुद्रात जाणाऱ्या बोटीवर मासळीचा थवा दाखवणारे यंत्र असते. ते पाण्यात आवाज सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून खाली काय आहे ते दाखवते. सोनोग्राफीचे तत्त्व हेच. माणसाला सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. येथे सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा आवाज वापरतात. शरीरात तो सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो, यकृत, मूत्रपिंड, गर्भ यांवर आपटून परततो आणि त्यातून पडद्यावर चित्र उमटते. पोटावर थंडगार जेल लावतात ते मधली हवा काढून टाकण्यासाठी, कारण हवेतून हा आवाज नीट पुढे जात नाही. यात क्ष-किरण नसतात. ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी 1958 साली या पद्धतीवरील आपला प्रसिद्ध लेख छापला आणि तेथून प्रसूतिशास्त्रात ती रुजली.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत ‘सोनोग्राफर’ हा डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित माणसाचा स्वतंत्र व्यवसाय आहे. तो तपासणी करतो, डॉक्टर अहवाल देतात. ब्रिटनमध्ये बहुतेक सोनोग्राफर आधी रेडिओग्राफर होतात आणि मग त्यावर पदव्युत्तर प्रशिक्षण घेतात. आपल्याकडे तसे नाही. येथे गर्भवतीची सोनोग्राफी करण्याचा अधिकार रेडिओलॉजिस्टला, किंवा नियमांनी ठरवून दिलेली पात्रता व प्रशिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरलाच आहे.

हे असे का, याचे उत्तर आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. यंत्र आले आणि त्याचा उपयोग मुलगी आहे का हे पाहून गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला. त्याविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, साल 1988. पुढे 1994 साली केंद्राचा कायदा झाला, तो 1 जानेवारी 1996 पासून अमलात आला आणि 2003 साली अधिक कडक करण्यात आला. तरीही आकडे पाहा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर 1000 मुलांमागे मुली 1991 साली 946 होत्या, 2001 साली 913, तर 2011 साली 894. म्हणून प्रत्येक यंत्राची नोंदणी होते, प्रत्येक गर्भवतीचा ‘एफ फॉर्म’ भरावा लागतो. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि तो केवळ डॉक्टरांना नाही, केंद्रात काम करणाऱ्यालाही लागू होतो. तेव्हा उद्या आपली मुलगी अशा केंद्रात साधे फॉर्म भरण्याच्या जागेवर लागली, तरी “साहेबांनी सांगितले म्हणून केले” हे उत्तर चालणार नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा.

मग मार्ग बंद आहे का? मुळीच नाही. मार्ग दोन आहेत आणि दोन्ही सरळ आहेत.

पहिला लांबचा. बारावी विज्ञान, नीट परीक्षा, साडेचार वर्षे एम.बी.बी.एस., एक वर्ष इंटर्नशिप आणि नंतर तीन वर्षांची रेडिओलॉजीची एम.डी. म्हणजे बारावीनंतर किमान साडेआठ वर्षे. या विषयाच्या जागांसाठी चुरस मोठी असते, हे खरे. पण ज्यांना पडद्यावरचे चित्र स्वतः वाचायचे आहे, त्यांच्यासाठी हाच रस्ता आहे.

दुसरा मार्ग रेडिओग्राफर अथवा इमेजिंग टेक्नॉलॉजिस्टचा. बारावी विज्ञाननंतर तीन-चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करून एक्स-रे, सी.टी. स्कॅन, एम.आर.आय. ही यंत्रे चालवता येतात. आम्ही स्वतः याच खात्यात वर्षे काढली. काम उभ्याचे आहे, रात्रपाळी आहे, क्ष-किरणांच्या खोलीत छातीवर मात्रा मोजणारा बॅज लावावा लागतो. पण अपघातातून आलेल्या माणसाची पहिली खबर आपल्या हातून निघते, याचे समाधान वेगळे. पुढे परदेशी जाऊन सोनोग्राफर व्हायचे असेल, तर ब्रिटनसारख्या देशात हीच पदवी पायरी ठरू शकते. मात्र एजंटला पैसा देण्याआधी त्या देशाच्या नोंदणी मंडळाच्या अटी स्वतः वाचाव्यात.

फी भरण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारा. अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा? नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा असल्याचे सांगितले, तर विद्यापीठाच्या यादीत संस्थेचे नाव पाहा. प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात, आणि तेथे किती यंत्रे? या व्यवसायांसाठी 2021 साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आहे. पदवी त्याच्या निकषांत बसते का? आणि मागच्या तुकडीतील दोन विद्यार्थी कोठे नोकरीस आहेत? चौथ्या प्रश्नाला गोलमाल उत्तर मिळाले, की उठून यावे. शंका असेल तर लोकलने मुंबईला जा. नायर आहे, के.ई.एम. आहे. तेथील विद्यार्थ्यांना विचारले तर ते आनंदाने सांगतात.

पैशाचे म्हणाल, तर केंद्र सरकारने 1990 साली अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू केल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, त्या वाचून घ्या. आपली मुले बहुधा गुणांत कमी पडत नाहीत. जात पडताळणीचा कागद वेळेवर नसल्याने अडतात. तो अकरावीतच हाती घ्या.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचाराल. तिने प्रमाणपत्र कपाटात ठेवले आणि यंदा रेडिओग्राफीच्या पदवीला प्रवेश घेतला. एक वर्ष गेले, पैसा गेला, पण उमेद गेली नाही. तुमचे ते वर्षही जाऊ नये, एवढीच आमची इच्छा. आमच्याकडे कोणीही, केव्हाही विचारायला यावे. माहितीपत्रक बरोबर आणावे, आपण मिळून वाचू.