डब्याची कल्हई

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला गावी गेलो होतो. मळ्यात शेणखत विस्कटण्याचे काम चालू होते. एवढ्यात आमचा सालगडी मटकन खाली बसला. उकिरड्यावर फेकलेल्या डब्याचे झाकण खताबरोबर शेतात आले आणि त्याच्या तळपायात घुसले. शेणखतातली जखम, धनुर्वाताची सुई टोचायला त्याला तालुक्याला न्यावे लागले. झाकण पाहिले, तर रसगुल्ल्याच्या डब्याचे! दिवाळीत मीच तो शहरातून नेला होता.

आपण याला टिनाचा डबा म्हणतो खरे. पण टिन, म्हणजे आपले कथील, त्यात नावापुरतेच. बाकी सारे पोलाद. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ना, तशीच ही पोलादी पत्र्याला केलेली. इंग्लंडात १८१० साली पीटर ड्युरँड याने असल्या डब्याचे पेटंट घेतले. कल्हईला ओरखडा गेला, की तिथून गंज सुरू. शिक्षकांनी वर्गात लोहचुंबक लावून दाखवावा. हा डबा चटकन चिकटतो. थंड पेयाचा ॲल्युमिनियमचा डबा चिकटत नाही.

या चिकटण्यातच डब्याचे भाग्य आहे. भंगाराच्या ढिगातून मोठाले चुंबक नेमके पोलाद उचलतात. भट्टीत सुमारे १५०० अंशांवर ते वितळते आणि त्याची पुन्हा सळई होते, पत्रा होतो. मातीत मात्र नुसता गंज.

तेलाचा पंधरा किलोचा डबा आपल्या बायका वाया घालवीत नाहीतच. त्यात डाळ-तांदूळ राहतात. ते चालू द्यावे. चिंच, ताक, लोणचे मात्र ठेवू नये. आंबटाने कल्हई जाते. लहान डब्यांना पुष्कळदा आतून सोनेरी लेप असतो, तो चुलीवर चढवू नये. आणि फवारणीच्या औषधाचा डबा कितीही घासला तरी घरात नको म्हणजे नकोच.

बाकीचे डबे भांडी धुतलेल्या पाण्याने विसळावे, उन्हात पालथे घालावे. सुटलेले झाकण आत टाकून वरची कड ठोकून दाबावी, म्हणजे ते बाहेर पडत नाही. मग पोत्यात साठवून भंगारवाल्याला द्यावे. पैसे फार येत नाहीत, हे आधीच सांगतो.

आमचे पोते गोठ्यात खुंटीला टांगलेले असते. गड्याचा पाय बरा झाला. परवा मी डबा टाकायला गेलो, तर त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि कानाशी हलवून आत झाकण वाजते का ते पाहिले.