रात्रपाळीचा खर्च

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पाळणे, झुकझुकगाड्या आणि मिकी नावाचा उंदीर यांचे आपल्या अभ्यासवर्गात काय काम? मी आधीच कबुली देऊन टाकतो. अमेरिकेतील डिस्नेलँड या उद्यानाचा मी चाहता आहे. मुलीकडे कॅलिफोर्नियात राहिलो त्या त्या वेळी मी तेथे गेलो. निमित्त नातवंडांचे असले तरी रांगेत मीच पुढे असे. श्रमिकाला भाकरीइतकाच विरंगुळ्याचाही हक्क आहे असे आपण म्हणतो. मग त्या विरंगुळ्याची यंत्रे कोण चालती ठेवतो आणि त्या कामाचे मोल कोण ठरवतो, हे विचारणे आपल्याला कमीपणाचे वाटू नये.

हे उद्यान १७ जुलै १९५५ रोजी अनाहाइम येथे, संत्र्यांच्या बागांच्या जागी उघडले. वॉल्ट डिस्ने सांगत असे की, आपल्या मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि आपल्याला बाकावर ताटकळावे लागे, त्यातून ही कल्पना सुचली. जत्रेतला कळकटपणा येथे नको, असा त्याचा कटाक्ष होता. लोक घरी गेले की रात्री रस्ते धुतले जात, खरवडलेल्या जागी रंग चढे, विझलेले दिवे बदलले जात, रूळ आणि चाके तपासली जात. हा गृहस्थ कामगार संघटनांचा मित्र मुळीच नव्हता. १९४१ साली त्याच्याच स्टुडिओतील चित्रकारांना संप करावा लागला होता. परंतु देखभाल हा वस्तूवरचा वरखर्च नसून वस्तूचाच भाग आहे, एवढे त्याला कळत होते.

१९९० नंतरच्या दशकात हे शहाणपण जमाखर्चाच्या वहीत बसेनासे झाले. उद्यानाची सूत्रे कंपनीच्या दुकानविभागातून आलेल्या व्यवस्थापकाकडे गेली. सल्लागार आले, देखभालीची फेरमांडणी झाली, अनुभवी हात बाहेर पडले. देखभालीतील काटकसरीचा एक विलक्षण गुण आहे: ती केल्याबरोबर काहीच बिघडत नाही. चाक आज आवळले नाही तरी उद्या गाडी धावते. वर्षअखेरीस नफा वाढलेला दिसतो, त्याचे श्रेय घेणाऱ्याला बढती मिळते, आणि चाक निखळते तेव्हा तो दुसऱ्या खुर्चीवर बसलेला असतो. कापडगिरण्यांच्या यंत्रांचे काय झाले ते पाहिलेल्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

ही घसरण प्रथम कोणाच्या लक्षात आली? वर्षानुवर्षे तेथे जाणाऱ्या सामान्य चाहत्यांच्या. दिवे विझलेले आहेत, रंगाचे पोपडे सुटले आहेत, अशी तक्रार ते करीत राहिले आणि वेडगळ म्हणून त्यांची चेष्टा झाली. रंगाच्या पोपड्याने कोणी मरत नाही, हे खरेच. परंतु जेथे डोळ्यांना दिसणारा रंग दिला जात नाही, तेथे न दिसणारा बोल्ट आवळला जात असेल अशी खात्री कोणी द्यावी?

२४ डिसेंबर १९९८ रोजी ‘कोलंबिया’ हे शिडाचे जहाज धक्क्याला लागताना दोर बांधण्याची धातूची खुंटी उखडली आणि एका पाहुण्याचा मृत्यू झाला. त्या जागी ऐनवेळी उभ्या केलेल्या व्यक्तीला या कामाचे पुरेसे शिक्षण दिलेले नव्हते, असे सरकारी चौकशीत ठरले. दंड किती? साडेबारा हजार डॉलर! तोवर कॅलिफोर्नियात अशा कायमस्वरूपी उद्यानांची सरकारी तपासणीच होत नसे. तसा कायदा १९९९ साली झाला.

तरीही ५ सप्टेंबर २००३ उजाडला. ‘बिग थंडर माउंटन’ या डोंगरगाडीचे इंजिन बोगद्यात निखळून पहिल्या डब्यावर कोसळले. बावीस वर्षांचा एक तरुण ठार झाला, दहा जण जखमी झाले. चौकशीत निघाले ते असे: एक मार्गदर्शक चाक नीट आवळलेले नव्हते, त्याची सुरक्षेची तार बसवलेली नव्हती, आणि काम प्रत्यक्ष न पाहताच त्यावर सही झाली होती. गाडी विचित्र आवाज करते आहे हे चालकांच्या ध्यानात आले होते. आणखी एक फेरी झाली की तिला बाजूला काढायचे असे ठरले होते. त्या एका फेरीतच तो तरुण बसला होता. सही करणाऱ्या कामगाराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याला शिकवणाऱ्या जुन्या माणसांना घरी कोणी पाठवले?

विस्ताराचीही तीच कथा. १९९८ साली ‘टुमॉरोलँड’ हा विभाग नवा केला तेव्हा मंद गाडीच्या जुन्या मार्गावर ‘रॉकेट रॉड्स’ ही वेगवान गाडी सोडली. वळणांना उतार देण्याचा खर्च मात्र टाळला, त्यामुळे प्रत्येक वळणावर वेग कमी करावा लागे. सप्टेंबर २००० मध्ये ती बंद पडली आणि तिचा रिकामा मार्ग दोन दशकांहून अधिक काळ लोकांच्या डोक्यावर तसाच उभा राहिला. उद्याच्या जगाचे याहून बोलके चित्र मी तरी पाहिलेले नाही. २००१ साली शेजारी ‘कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर’ हे दुसरे उद्यान हात आखडून बांधले, लोक फिरकेनात. अखेर २००७ साली १.१ अब्ज डॉलरची दुरुस्ती जाहीर करावी लागली. दरम्यान २००४ साली भागधारकांपैकी त्रेचाळीस टक्क्यांनी कंपनीच्या प्रमुखाला मत नाकारले होते. पुढे २००५ च्या सुवर्णमहोत्सवासाठी रंग पुन्हा चढला, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे पैसा होता!

पैसा तर जनतेचाही होता. अनाहाइम नगरपालिकेने कर्ज काढून बांधलेला प्रचंड वाहनतळ कंपनीला वर्षाला एक डॉलर भाड्याने मिळाला, आणि तेथील शुल्क कंपनीच्याच तिजोरीत गेले. १९५५ साली प्रवेश एक डॉलरचा होता (पाळण्यांची तिकिटे वेगळी). २०२४ च्या अखेरीस गर्दीच्या दिवसाचे तिकीट २०६ डॉलरवर पोहोचले. आणि २०१८ साली तेथील कामगारांच्या पाहणीत सुमारे दहातील एकाने सांगितले की, मागील दोन वर्षांत आपण कधी ना कधी बेघर होतो.

आपल्याकडे मालकी सार्वजनिक असली की प्रश्न सुटतो, असे समजू नका. अहमदाबादचा कांकरिया तलाव महापालिकेचा आहे. तेथे १४ जुलै २०१९ रोजी ठेकेदाराच्या पाळण्याचा दांडा मोडला, दोघे दगावले, सुमारे तीस जण जखमी झाले.

आमच्या गावच्या बागेतही एक लहानशी आगगाडी आणि दोन चक्रे आहेत. तपासणीची वही पाहायला मिळेल का, असे मी तेथे विचारून पाहिले. वही आहे म्हणाले, साहेबांच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब रजेवर. मी पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे. बरोबर कोणी येणार असेल तर सभेनंतर भेटावे.